झिरोइंग

साताऱ्याजवळच्या एका घरात भिंतीवर मी काढलेला फोटो लावलाय आणि तो चुकीचा आहे, हे ज्या दिवशी पाहिलं, त्या दिवशी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं.

फोटो माझ्या कंपनीतल्या एका नायकाचा. लेहमधला. लंगरबाहेर कोवळ्या उन्हात स्टीलचा मग धरून तो हसतोय. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसला की सगळी कंपनी हसायची. दोन वर्षांपूर्वी तो गेला. सीमेवर नाही, सुट्टीवर असताना, घराकडे मोटरसायकलवरून येताना. काही महिन्यांनी त्याच्या आईचा फोन आला, "सायब, भिंतीला लावाया एक फोटो द्या. आमच्याकडं लग्नातला हाय, त्यात त्यो घाबरल्यावानी दिसतोय."

तेव्हा माझ्याकडे जुना लॅपटॉप होता. त्यावर रात्री बसून फोटो नीट केला, पुण्यात मोठा प्रिंट काढायला दिला आणि न पाहताच कुरिअरने परस्पर पाठवला. पुढच्या सुट्टीत भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो काळपट, त्यावर हिरवट झाक. चेहरा सावलीत बुडालेला, दात दिसतच नव्हता. मी गप्प झालो, तर मावशीच म्हणाल्या, "तकडं उन्हानं लई रापला हुता न्हाई का." त्यांनी माझी चूक स्वतःच्या लेकाच्या रंगावर घेतली.

खडकवासल्यात आणि मग डेहराडूनला रेंजवर पहिल्यांदा गेलो, तेव्हाची एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. पाचही गोळ्या एकाच जागी, पण मधोमध न लागता चार इंच डावीकडे. उस्ताद म्हणायचे, नेम चांगला आहे, साईट खोटं बोलतेय. आधी रायफल झिरो कर. माझ्या लॅपटॉपचा पडदा खोटं बोलत होता. त्याचा प्रकाश पूर्ण वाढवलेला. त्या झगमगाटात फोटो उजळ वाटला, म्हणून मी तो आणखी गडद केला. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. प्रिंट काळा आला.

मुंबईत भाच्याला घेऊन लॅमिंग्टन रोडवर गेलो. घरून मंजूर झालेलं बजेट सव्वा लाख, त्यापुढे एक रुपयाही नाही. भाचा इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "मामा, निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, बाकी आपोआप जमतं." दुकानदाराचंही तेच. शिवाय रंगीत दिवे लावलेली कॅबिनेट, जणू गणपतीचं मखर.

मी यादी उलटी केली. आधी मॉनिटर. २७ इंची, आयपीएस पॅनलचा, पूर्ण एसआरजीबी रंग दाखवणारा. मग कॅलिब्रेटर. हे संत्र्याएवढं यंत्र पडद्यावर ठेवायचं. ते रंग मोजतं आणि पडदा कुठे चुकतोय त्याची दुरुस्ती करून देतं. दुकानातून आलेला मॉनिटर बहुधा २५० ते ३५० निट्स प्रकाश फेकतो. प्रिंटसाठी १०० ते १२० पुरतो. पांढरा रंग ६५०० केल्विनवर. या दोन वस्तूंतच एक तृतीयांश पैसे संपले. भाच्याचं तोंड पडलं.

उरलेल्यात ३२ जीबी रॅम, कारण २४ मेगापिक्सलच्या आठ-दहा रॉ फाइल जोडून हिमशिखरांचं पॅनोरमा करायला घेतलं की जुना लॅपटॉप जागेवर बसायचा. मधल्या दर्जाचा आठ कोअरचा प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड साधंच. एआयने फोटोतले दाणे काढायचे असतील तर ते लागतं, पण मी तेवढ्यात चहा करून येतो.

डिस्कच्या बाबतीत मात्र काटकसर केली नाही, कारण लेहमध्ये अद्दल घडली होती. फिरणाऱ्या हार्डडिस्कमध्ये वाचणारं डोकं तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. बहुतेक डिस्क सुमारे ३००० मीटर उंचीपर्यंतच चालवायच्या असतात. लेह ३५०० मीटरवर. हवा विरळ, तर डोकं तबकडीला टेकण्याचा धोका. माझी पोर्टेबल डिस्क तिथे दुसऱ्या हिवाळ्यात कुरकुरली आणि मेली. कारण उंचीच होतं की माझा निष्काळजीपणा, देव जाणे. नायकाचा फोटो वाचला तो केवळ सुट्टीत बायकोच्या डिस्कवर कॉपी केला होता म्हणून. आता कामाच्या फाइल एसएसडीवर. त्यात फिरणारं काही नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक पुण्यात घरी. ड्युटीवरचं ठाणं, हत्यारं, नकाशा यांतलं काही या मशीनवर नाही आणि नसणार. माणसं, डोंगर, पक्षी, एवढंच.

कॅबिनेट लहान घेतलं, कारण दोन-अडीच वर्षांनी काळ्या ट्रंकेत जायचं आहे. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळायचं, नाहीतर ट्रकच्या दणक्यांनी स्लॉट तुटतो. सध्या राजस्थानात आहे. दर पंधरा दिवसांनी जाळीवरची वाळू ब्रशने झाडावी लागते. यूपीएस आहेच, लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते काही सेकंद फाइलचा जीव घेतात.

मशीन जोडल्यावर पहिलं काम तोच फोटो. पडदा मोजून घेतला, खोलीतला ट्यूबलाइट बंद केला, चेहऱ्यावरची सावली हळूहळू उचलली. आधी पोस्टकार्डाएवढा प्रिंट काढून खिडकीच्या उजेडात पडद्याशी ताडून पाहिला. तिसऱ्या प्रिंटला जमलं. मग मोठा काढला आणि या वेळी स्वतः घेऊन गेलो.

मावशींनी चष्मा लावला, फोटो दारात उजेडाला नेला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग दातावर बोट ठेवलं. "आंब्यावरनं पडला तवाचा ह्यो. दुसरीत हुता."

मी आंब्याची गोष्ट कधी ऐकली नव्हती. चहा होईपर्यंत त्यांनी सगळी सांगितली.