डंकेलचा एक जुना विरोधक

१९९२-९३च्या सुमारास नाशकात जागतिक व्यापार खुला करण्याच्या गॅट वाटाघाटींतल्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध सभा असली की मी हमखास तिथं. बियाणं कंपन्यांच्या घशात जाणार, असं पोटतिडकीनं बोलायचो. शरद जोशी शेतकऱ्यांचे नेते असूनही प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले, याचा भयंकर राग यायचा. सरकारच शेतमालाचे भाव पाडतं, निदान जगाचा बाजार तरी खुला होऊ द्या, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

आज मी त्यांच्या बाजूला गेलोय का? पुरता नाही. पण दार लावून घ्या, असंही आता माझ्याच्यानं म्हणवत नाही.

२०१०च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढरोधकाचा अंश सापडला आणि कंटेनर तिकडेच अडकले. निफाड-दिंडोरीचे बागायतदार हवालदिल झाले. ‘बघा, सांगत होतो ना!’ हे मी म्हणून घेतलंच. पण त्यानंतर बागांमधून जे बदलत गेलं, ते माझ्या भाषणात कुठं बसेना. फवारणीच्या नोंदीला वही आली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी शेडमध्ये लागली. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे दहावी नापास पोरं धडाधड सांगू लागली. आपल्याच लेकरांनी खाल्लेल्या द्राक्षांसाठी अशी वही तोवर कुणी ठेवली नव्हती, हे मला जास्त लागलं.

पिंपळगावच्या बाजूला एका पॅकहाउसमध्ये गेलो होतो. बाया डोक्याला जाळी लावून, काचेच्या बांगड्या उतरवून कामाला बसलेल्या. सुरगाण्याकडची एक बाई घड देठाला धरून कात्रीनं खराब मणी काढत होती. मण्यावरच्या पांढरट झाकेला बोट लागू देत नव्हती. “बोट उठलं की माल लोकलला जातो, दादा,” म्हणाली. घड पाहूनच तिला मण्याचा आकार कळायचा. मापाची पट्टी शेजारी नुसती पडून होती.

हे तिला कुठल्या सरकारी शाळेनं शिकवलं नाही. गिऱ्हाइकाच्या अटींनी शिकवलं, तेही बागायतदार एकदा तोंडघशी पडल्यावर. तिच्याकडे या हुन्नराचा कसलाही कागद नाही. हंगाम संपला की ती पुन्हा अकुशल मजूर, आणि पुढच्या वर्षी मजुरीची घासाघीस पहिल्यापासून.

बियाण्याच्या भीतीचं म्हणाल, तर आमची ओरड वाया गेली असं मी मानत नाही. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, देवघेवीचा हक्क शाबूत ठेवला, त्यात त्या दबावाचाही वाटा होता. गंमत अशी की आज तेच द्राक्षवाले रॉयल्टी भरून परदेशी वाण आणायला निघालेत. नुसत्या थॉमसन या जुन्या वाणावर पेरू-चिलीपुढं किती दिवस टिकणार, असं ते विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

जुने सोबती मला फितूर म्हणतात. चहा मात्र पाजतात. उद्या पुन्हा मोर्चा निघाला तर मी जाईन. फक्त माझी मागणी वेगळी असेल: निर्यातीच्या पैशातून पॅकहाउसच्या बायांना रीतसर प्रशिक्षण द्या, त्याचा दाखला द्या आणि त्या दाखल्यावर वाढीव मजुरी बांधून द्या.