ऐकणाऱ्याची वही

तुटलेली लाईन सापडायला सोपी. पुणे-नाशिक रस्त्यावर जेसीबीखाली केबल गेली की तासाभरात अख्ख्या खेडला कळतं. जागा शोधायची, स्प्लायसिंग करायचं, झालं. राजगुरुनगरात इतकी वर्षं हे काम करताना मला छळलं ते न तुटलेल्या, आतून गळणाऱ्या लाईनींनी.

चाकणच्या बाजूला एका वर्कशॉपची तक्रार होती. ‘दादा, व्हिडिओ झकास चालतो, पण पार्टीला ड्रॉइंग पाठवायचं म्हटलं की अर्धा तास.’ त्यांच्या स्विचवर एरर शून्य. दोनदा मी ‘लाईन ओके’ लिहून परत आलो.

इथरनेटमध्ये पाठवणारा माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे फ्रेमच्या, शेवटी 32 बिटांचा हिशेब जोडतो, तो सीआरसी. घेणारा तोच हिशेब नव्याने मांडतो. जुळला नाही तर फ्रेम टाकून देतो आणि आपल्या काउंटरमध्ये एकाची भर घालतो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. बोलण्यातली चूक लिहिली जाते ती ऐकणाऱ्याच्या वहीत. वर्कशॉपमधून निघणाऱ्या माहितीची वही आमच्या टोकाला होती आणि ती मी उघडलीच नव्हती.

तिसऱ्या खेपेला आमच्या पोर्टचा काउंटर शून्य करून फाईल पाठवायला सांगितली. आकडा डोळ्यांसमोर चढत गेला.

टाकलेल्या फ्रेमबरोबर शेकड्यात एखादं पॅकेट गेलं तर काय बिघडतं, असं वाटतं. पण पॅकेट हरवलं की वाटेत गर्दी झाली असं समजून वेग उतरवायचा, ही फाईल पोचवणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलची शिस्त 1988 मध्ये व्हॅन जेकबसन यांनी मांडली. लाईनीतला दोष आणि गर्दी यांतला फरक तिला कळत नाही. जुन्या धाटणीच्या टीसीपीत 50 मिलिसेकंदांच्या जाऊन-येऊन फेरीला दहा हजारांत एक पॅकेट हरवलं तर एका जोडणीला साधारण 28 एमबीपीएस मिळतात. शंभरात एक हरवलं तर जेमतेम 3.

वर्कशॉपमधली पाठवणीची पॅच कॉर्ड काढून स्कोपखाली धरली. फायबरचा गाभा 9 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी आत. त्यावर धुळीचा एक काळा ठिपका. सुक्या क्लीनरने पुसलं, पुन्हा स्कोपखाली पाहिलं, मगच खोचलं. पॉवर मीटरवर सात डीबी परत आले. दर 3 डीबीला उजेड दुप्पट होतो.

तेव्हापासून माझ्या कामाच्या कागदावर एररचे दोन रकाने आहेत, इकडचा आणि तिकडचा. दोन्ही भरल्याशिवाय मी ‘ओके’ लिहीत नाही.