किडनी चुकवून

नॅनो-औषधांबद्दल मराठीत जे काही छापून येतं त्यात एक शब्द हटकून असतो: क्षेपणास्त्र. कण रक्तात सोडला की तो थेट गाठीवर जाऊन आदळतो, शेजारच्या पेशींना धक्काही लागत नाही, वगैरे. औषधाचं फॉर्म्युलेशन करणं हाच माझा रोजचा उद्योग असल्यामुळे या चित्राची मला चीड येते. वाहक कण शरीरात कुठे जाणार हे त्याला बनवणारा फार थोडं ठरवतो. बाकी सगळं शरीर ठरवतं. आपल्या हातात असतं ते एवढंच, की औषध जिथे घात करतं तिथे ते मोकळं पोचू द्यायचं नाही. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण या शाखेने रुग्णाच्या पदरात आजवर जे खरोखर टाकलं, त्यातलं बरंचसं याच वाटेने आलं आहे. आणि त्या वाटेचा एक जुना टप्पा पिंपळे सौदागरहून पवना ओलांडली की पिंपरीत लागतो: एचए कंपनी.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी, आणि लोकांच्या लक्षातही ती तेवढ्यासाठीच राहिली. पण तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधलं होतं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात आजही आपलं गाव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. हॅमायसिन हे ॲम्फोटेरिसिन बीच्याच कुळातलं. या कुळातली औषधं बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि पटलाला भोकं पाडतात. आपल्या पेशींच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं. पण दोघांची ठेवण इतकी सारखी, की औषधाची गफलत होते आणि ती सर्वांत महाग पडते किडनीला. त्यात ही औषधं पाण्यात विरघळायला तयार नाहीत. म्हणून ॲम्फोटेरिसिन पूर्वी पित्तक्षाराच्या मदतीने पाण्यात आणून शिरेतून देत. रुग्णाला हुडहुडी भरायची, पोटॅशियम घसरायचं, क्रिएटिनिन चढायचं, आणि आधी बुरशी हरते की किडनी याचा हिशेब डॉक्टर रोज मांडत बसायचे. हॅमायसिन तर मुख्यतः वरून लावण्यापुरतंच राहिलं.

यातून सुटका झाली ती रेणूला हात न लावता. दिल्ली विद्यापीठात बी. के. बच्छावत यांच्या गटाने ही औषधं लिपोसोममध्ये, म्हणजे लिपिडांच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या पटलात, बसवली. हॅमायसिनवरचं हे काम उंदरांपर्यंत पोचलं. ॲम्फोटेरिसिनवरचं मात्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने रुग्णांपर्यंत नेलं आणि त्यातून फंगिसोम हे भारतीय औषध बाजारात आलं. त्याची एक खोड आहे: वापरण्याआधी कुपी ध्वनिलहरींच्या टबात पाऊण तास ठेवावी लागते, कारण द्रवात राहून मोठे झालेले गोळे पुन्हा बारीक करायचे असतात. परदेशी ॲम्बिसोमची तऱ्हा वेगळी. कुपीत पिवळी, कोरडी वडी असते. त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, ५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. सलाइन चुकूनही वापरायचं नाही, साका बसतो. सुमारे ८० नॅनोमीटरचा कण बनवण्यात गेलेली सगळी मेहनत वॉर्डातल्या एका चुकीच्या बाटलीने वाया जाऊ शकते. क्षेपणास्त्राच्या चित्रात ती बाटली लावणारी सिस्टर कुठेच नसते.

आता प्रश्न असा, की हा लिपोसोम बुरशी शोधत जातो का? नाही जात. रक्तात शिरला की त्यातला मोठा हिस्सा यकृत आणि प्लीहा इथल्या भक्षक पेशी गिळतात, कारण परक्या कणांचा बंदोबस्त करणं हे त्यांचं कामच आहे. औषध लिपिडाच्या पटलात घट्ट बसलेलं असल्यामुळे किडनीच्या वाट्याला मोकळं औषध कमी येतं. एर्गोस्टेरॉलवर त्याचा ओढा मुळातच जास्त, म्हणून बुरशी भेटली की ते पटल सोडून तिकडे सरकतं. काला आजारात तर भक्षक पेशींची ही सवय चक्क पथ्यावर पडली. त्या रोगाचा परजीवी राहतो तोच मुळी या पेशींमध्ये. त्यामुळे किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिहारमधल्या चाचणीने दाखवलं. हा कण म्हणजे दारापर्यंत येणारी रिक्षा नव्हे, ठरलेल्या मार्गाची पीएमपीएमएल बस आहे. आपलं घर तिच्या थांब्याजवळ असलं तर उत्तम.

यावर कर्करोगावर काम करणारे मित्र हमखास हरकत घेतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, कण तिथे आपोआप साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्येच दाखवलं होतं, असं ते सांगतात. दाखवलं होतं, खरंच. पण दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा धांडोळा २०१६ मध्ये घेतला गेला, तेव्हा दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. या आकड्यावरून शाखेला झोडपणंही मला पटत नाही. साधं औषध दिलं तरी गाठीत जाणारा वाटा मोठा नसतोच. पाहायचं ते उरलेलं कुठे गेलं. डॉक्सिल हे १९९५ पासून वापरात असलेलं लिपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन. पसरलेल्या स्तनकर्करोगात साध्या डॉक्सोरुबिसिनशी त्याची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. रोगावरचा परिणाम जवळपास सारखा, हृदयाची हानी मात्र बरीच कमी. वर एक नवीन दुखणं: हातापायांचे तळवे लाल होऊन सोलवटणं, कारण दीर्घकाळ रक्तात फिरणारे कण त्वचेतही उतरतात. कणावर प्रतिपिंड चिकटवून त्याला पत्ता शिकवण्याचे प्रयत्नही झाले. एमएम-३०२ या अशा लिपोसोमची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. रक्तात जाताच प्रथिनांचा थर प्रत्येक कणावर चढतो आणि पुढची बरीच ओळख तोच ठरवतो. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधाच्या कर्त्यांनी या थराशी भांडण न करता त्यातल्या एपोई प्रथिनाचाच आधार घेतला. ते प्रथिन कणाला यकृतात नेतं, आणि त्यांना जायचंही यकृतातच होतं.

दुसरी हरकत पैशांची, आणि ती जास्त वजनाची आहे. नुसती किडनी वाचवायला एवढा खर्च? मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा याचं उत्तर महाराष्ट्राने जवळून पाहिलं. लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम धरला, तर ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या, आणि हे कित्येक दिवस. कुप्या मिळेनात, केंद्राकडून राज्यांना वाटप सुरू झालं, वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने इमल्शन प्रकारचं इंजेक्शन बनवायला घेतलं. रुग्ण बहुतेक मधुमेही, स्टिरॉइड घेतलेले. त्यांच्या किडनीला आधीच फारशी उसंत नव्हती. साधं ॲम्फोटेरिसिन किलोमागे १-१.५ मिलिग्रॅमच्या पुढे नेता येत नाही. किडनी चुकवता आली म्हणून डोस काही पटींनी वाढवता आला. म्हणजे इजा टाळणं हीच इथे परिणामाची अट होती. किंमत चढते ती शुद्ध लिपिडं, निर्जंतुक गाळण आणि प्रत्येक बॅच आधीच्या बॅचसारखीच निघाली हे सिद्ध करण्यापायी. तीही उतरू शकते: अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा २०१२ मध्ये सन फार्माचं लिपोडॉक्स तिथे आयात झालं, आणि पुढच्याच वर्षी कंपनीच्या जेनेरिकला मान्यता मिळाली.

पिंपळे सौदागरहून उलट दिशेला, वाकडपलीकडे हिंजवडीत, जेनोव्हा कंपनीने लिपिडाच्याच सूक्ष्म कणांवर बसवलेली, देशातली पहिली एमआरएनए लस बनवली. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास जपावी लागत होती. ही कोरडी भुकटी साध्या २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये राहते. पुढच्या वर्षीची ओमिक्रॉनवरची लस सुईविना, यंत्राने त्वचेतच सोडायची होती, कारण प्रतिकारशक्तीच्या पेशींची तिथे दाटी असते. पत्ता असा हातानेच देता आला तर सगळ्यांत बरं. जिथे तो रक्तावर सोपवावा लागतो, तिथे नव्या प्रस्तावात मी आधी यकृत, प्लीहा आणि किडनीतलं २४ तासांनंतरचं मोजमाप शोधतो. बहुतेक सादरीकरणांत ते शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात असतं.