चौकटीबाहेरची भिंत

सागराचे दर्शन घडविणाऱ्या उद्यानांचा इतिहास सांगताना एक गोष्ट सहसा मागे राहते : या उद्यानांचे मूळ कॅमेऱ्यात आहे. २३ जून १९३८ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, सेंट ऑगस्टीन या जुन्या शहराच्या दक्षिणेस, ‘मरीन स्टुडिओज’ उघडले. संस्थापकांमध्ये लिओ टॉलस्टॉय यांचे नातू इलिया टॉलस्टॉय होते. पाण्याखालच्या जीवनाचे चित्रपट घेता यावेत, हा मूळ हेतू. खुल्या समुद्रात प्रकाशाचा भरवसा नाही, पाणी केव्हा गढुळेल याचा नेम नाही, आणि मासे दिग्दर्शकाचे ऐकत नाहीत. म्हणून प्रचंड हौद बांधण्यात आले आणि कॅमेऱ्यांसाठी त्यांच्या भिंतींत गवाक्षे ठेवण्यात आली. त्याच गवाक्षांशी पुढे प्रेक्षकांची रीघ लागली. समुद्र आधी चौकटीत बसविला गेला आणि मग लोकांना दाखविला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा इतिहास ठाऊक असलेला बडोद्याचा एक मराठी छायाचित्रकार २०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मुलीकडे सुटीला गेला होता. लग्नसमारंभ आणि कारखान्यांचे अहवाल यांवर त्याचे आयुष्य गेले होते. नातवाच्या हट्टामुळे एके दिवशी सारे कुटुंब सॅन डिएगोच्या मिशन बे येथील ‘सीवर्ल्ड’ला निघाले. “बाबा, आज तरी तुम्हीही सुटी घ्या,” असे मुलीने सुचविले. तो नुसता हसला आणि दोन भिंगे पिशवीत टाकली.

सकाळी आभाळ करड्या ढगांनी आच्छादलेले होते. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या आरंभी असे ढग नित्याचे असतात. छाया कोवळ्या होतात, पांढऱ्या-काळ्यातले अंतर सौम्य होते. छायाचित्रकाराला याहून अनुकूल प्रकाश मागूनही मिळत नाही. जाड पारदर्शक भिंतीपाशी त्याने भिंग अगदी टेकवून धरले, प्रतिबिंबे अडविण्यासाठी भोवती काळे कापड गुंडाळले. पलीकडून एक ऑर्का संथपणे आला आणि हाताच्या अंतरावर थांबल्यासारखा वाटला. नातू हरखून ओरडला. पाण्यातील वस्तू सपाट काचेतून हवेत उभे राहून समोरून पाहिली, की ती खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर भासते, हे त्याला व्यवसायामुळे माहीत होते. म्हणजे त्या जवळिकीचा चौथा हिस्सा केवळ प्रकाशाच्या वक्रीभवनाने दिलेला होता.

दुपारी प्रेक्षागारात तो वरच्या रांगेत बसला. पूर्वी येथे नाट्यमय खेळ होत असत. २०१६ साली संस्थेने ऑर्कांचे प्रजनन थांबविण्याची घोषणा केली, आणि २०१७ च्या जानेवारीत येथील तो जुना खेळही बंद झाला. आता त्याची जागा माहितीपर कार्यक्रमाने घेतली होती; परंतु उडी होतीच. प्रशिक्षकाचा हात वर जाई, प्राणी पाण्यात दिसेनासा होई, काही क्षण हौद निश्चल राही, आणि मग ते अजस्र शरीर हवेत उभे राही. पहिल्या दोन उड्या त्याच्या हातून निसटल्या. तिसऱ्या वेळी त्याने पाण्याऐवजी प्रशिक्षकाच्या हातावर नजर ठेवली, मनात आकडे मोजले आणि सेकंदाच्या हजाराव्या भागावर शटर सोडले. त्याच क्षणी शिट्टी वाजली. ही शिट्टी आज्ञा नसते. कृती बरोबर झाली आणि आता मासा मिळेल, एवढेच ती प्राण्याला कळविते. शटरचा आवाजही छायाचित्रकाराला हेच सांगतो. दोन्ही आवाजांचा अर्थ एकच होता : जमले.

हे ध्यानात आल्यावर त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला. या तळ्यात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये १९६९ साली ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात पकडलेली कॉर्की ही मादी होती. १९८७ साली ती येथे आणली गेली. जवळजवळ अर्धे शतक भिंतीआड गेलेल्या त्या आयुष्याला किती भिंगांनी टिपले असेल, आणि त्यांपैकी किती चित्रांत भिंत आली असेल, याचा तो विचार करीत राहिला. याच संस्थेने १९९७ च्या जानेवारीत किनाऱ्याला लागलेले करड्या देवमाशाचे मरणोन्मुख पिल्लू वाढविले आणि १९९८ च्या मार्चअखेरीस समुद्रात परत सोडले, हेही त्याला ठाऊक होते. त्यामुळे संतापाचा सोपा मार्ग त्याला मोकळा नव्हता. प्रश्न संस्थेच्या हेतूचा नव्हता; तो त्याच्या स्वतःच्या धंद्याचा होता. नको ते बाहेर ठेवणे, हीच चौकटीची कला. मंडपातील रडारड, यंत्रांमागची काजळी त्याने आयुष्यभर अशीच बाहेर ठेवली होती.

अशा वेळी त्याला बिहारमधील विक्रमशिला अभयारण्य आठवले. सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या पट्ट्यात त्याने एकदा तीन दिवस नावेत काढले होते. गंगेतील डॉल्फिनला तेथील लोक सोंस म्हणतात. श्वास सोडतानाचा तिचा आवाजच त्या नावात उतरला आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत ‘गंगापुपुटक’ येतो, तो हाच प्राणी असे बहुतेक अभ्यासक मानतात. या जीवाच्या डोळ्यात भिंग नसते; उजेड आणि अंधार यांपलीकडे त्याला फारसे दिसत नाही. ध्वनीच्या आधाराने तो गढूळ पाण्यात वावरतो. तीन दिवसांत छायाचित्रकाराच्या पदरी काय पडले? एक तपकिरी पाठ, तीही अस्पष्ट, आणि बाकी सारी पाण्यावरची वर्तुळे. तेथे कोणाचा हात वर जात नव्हता, शिट्टी वाजत नव्हती. भारतात २०१३ च्या मे महिन्यात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनगृहांना परवानगी नाकारणारे परिपत्रक काढले, तेव्हा त्याला ती वर्तुळे प्रथमच अपयशाची वाटली नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने दिवसभराची चित्रे पाहिली. उडीचे चित्र तिला फार आवडले. त्यात ऑर्काचे पोट मोत्यासारखे उजळले होते, पाण्याचा थेंबन् थेंब सुटा दिसत होता. आणि खालच्या कडेला हौदाची निळी रंगविलेली भिंत व प्रशिक्षकाचा उंचावलेला हात आला होता. “बाबा, हे याच्या खोलीत लावू या,” ती म्हणाली. “तेवढी भिंत कापा. नुसता समुद्र वाटला पाहिजे.”

मागणी अवाजवी नव्हती. दोन बोटे रुंदीची पट्टी कापली की काम संपत होते. भिंत जाईल, हात जाईल, आणि मागे राहील स्वेच्छेने आकाशाकडे झेपावणारा एक मुक्त प्राणी. असे चित्र पाहूनच लहान मुले त्या उद्यानाचा हट्ट धरतात, हेही त्याला उमगले. सकाळी नातवाने धरला तोही बहुधा असेच एखादे चित्र पाहून.

“भिंत राहू दे,” तो म्हणाला. “मोठा झाला म्हणजे विचारील तरी, ही कसली भिंत आहे म्हणून.”

मुलगी काही बोलली नाही. दोन दिवसांनी चित्र छापून आले, पूर्ण चौकटीसह. ते खोलीच्या भिंतीवर लागले नाही. पुस्तकांच्या फळीवर, जलचरांच्या सचित्र कोशाला टेकवून उभे करण्यात आले. छायाचित्रकाराने त्याविषयी पुन्हा विषय काढला नाही. परतीच्या सामानात मात्र त्याने मुलीच्या संगणकावरून गंगेतल्या त्या वर्तुळांची एक प्रत छापून घेतली. बडोद्याच्या त्याच्या स्टुडिओत, जेथे आजवर नवरानवरींचीच चित्रे लागत, तेथे ती आता लावलेली आहे. गिऱ्हाईक विचारतात, यात आहे काय? तो सांगतो, एक प्राणी येऊन गेला.