जागा शिल्लक नाही

दूरचित्रवाणी संचाच्या माथ्यावर बसविण्यासाठी घडविलेला कॅमेरा जुन्या संगणकाला जोडून द्या, असे म्हणत कोणी गिऱ्हाईक दुकानात आले तर माझ्या तोंडून सहसा नकार निघत नाही, याला परोपकारबुद्धीपेक्षा हौस आणि हौसेपेक्षाही अहंकार अधिक कारणीभूत आहे. 2010 च्या सुमारास एलजी, पॅनासॉनिक, सॅमसंग यांनी स्काइपची सोय असलेले संच बाजारात आणले आणि त्यांच्यासाठी असे कॅमेरे निराळे विकले. पुढे 2016 मध्ये संचांवरील ती सेवा आवरती घेतली गेली, 2025 च्या मे महिन्यात खुद्द स्काइपच बंद झाले, आणि उत्तम भिंगाचे हे कॅमेरे दिवाणखान्यांतून निरुद्योगी होऊन पडले.

त्यांतले जे यूव्हीसी हा यूएसबी कॅमेऱ्यांचा सामायिक शिरस्ता पाळत नाहीत ते मी पाहताक्षणीच परत करतो. जे पाळतात त्यांच्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात 2008 पासून ड्रायव्हर हजरच आहे. माझे सारे भांडण आहे ते याच आज्ञाधारकांशी. कॅमेरा ओळखला जातो, यादीत त्याची नोंद होते, दिवाही लागतो, आणि चित्राच्या जागी उमटते ते उपकरणावर जागा शिल्लक नाही एवढेच वाक्य. परवा एका तबलावादनाच्या शिक्षकांनी, लॅपटॉपचा मूळचा कॅमेरा चेहऱ्यावर आणि हा बोटांवर रोखून परगावच्या शिष्यांना शिकवता यावे म्हणून यंत्र आणले, तेव्हा हेच वाक्य वाचून माझ्याकडे नव्याने आलेल्या मुलाने मोठ्या तत्परतेने हार्ड डिस्कवरच्या तात्पुरत्या फायली पुसण्यास आरंभ केला.

वस्तुतः ही जागा डिस्कवरची नव्हे, यूएसबीच्या वाटेवरची. चित्र पाठविण्यापूर्वी कॅमेरा आपल्याला किती वाट लागेल याचा अर्ज करतो, आणि मागणी खरी मानून तेवढी वाट त्याच्या नावे राखून ठेवली जाते. सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात यूएसबी 2.0 ला अशा राखीव वाहतुकीसाठी 6000 बाइट देता येतात. एकेका कॅमेऱ्याची कमाल मर्यादा 3072. आता 640 बाय 480 चे असंकुचित चित्र सेकंदाला 15 वेळा पाठवायला याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. परंतु मामलेदार कचेरीत एकाच पक्षकाराने सबंध दिवसाची सुनावणी आपल्या नावे लावून घ्यावी तसे हे कॅमेरे, चित्र कितीही लहान असो, कमाल मर्यादेचाच अर्ज ठोकतात. दोघांनी तसे केले की बेरीज 6144 होते आणि दुसऱ्याचा अर्ज फेटाळला जातो.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात चौकशी केली तर पुष्कळजण हब घ्या म्हणतात, उरलेले नवा संगणक घ्या म्हणतात. हबने विजेचा तुटवडा भरून निघेल, वाट रुंद होत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते असे मला वाटत नाही. पूर्वी या गल्लीत नडलेला भाग शोधून देणारी माणसे होती. आता खोका बदलून देणारी आहेत.

उपाय एका आकड्याचा आहे. ड्रायव्हरला 128 ही सूचना दिली की तो कॅमेऱ्याच्या अर्जावर विसंबत नाही, स्वतः हिशेब मांडतो. मात्र हे असंकुचित चित्रापुरतेच. एमजेपेग हा संकुचित प्रकार निवडला की पुन्हा कॅमेऱ्याचाच शब्द प्रमाण, आणि चित्र उलगडण्याचे ओझे जुन्या प्रोसेसरवर पडते ते वेगळेच. म्हणून चेहरा 15 वर उतरवला, बोटे 30 वर ठेवली. तिरकिट वाजताना बोटांची पुसट सावली दिसावी हे गुरुजींना पटले नसते, आणि मलाही नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून कळफलक मुलाच्या हाती गेला आहे, तरी तो आकडा गिऱ्हाइकासमोर मीच टाइप करीत असे. काळ्या पडद्यावर पाचसहा अक्षरे उमटावीत, चित्र जिवंत व्हावे, आणि समोरच्याने आ वासावा, याचे मला व्यसन आहे; सूचना कायमची नोंदवून ठेवता येते हे ठाऊक असूनही, गिऱ्हाईक येईपर्यंत मी ती नोंदवीत नसे. गुरुजी यंत्र न्यायला आले तेव्हा मुलाने ती आधीच नोंदवून ठेवली होती. यंत्र सुरू होताच दोन्ही चित्रे मुकाट्याने आली. गुरुजींनी, म्हणजे यात बिघडले काहीच नव्हते तर, असे म्हणून मजुरीत सूट मागितली, आणि मुलाने ती देऊनही टाकली.