चुलीपाशी सांगितलेलं

बेडशाला नणंदेकडे गेले होते. सकाळी लेणी चढून पाय भरून आलेले, तरी संध्याकाळी ओसरीवर पाचसहाजणी जमल्या. विषय हंसा वाडकरांचं १९७० सालचं आत्मचरित्र, ‘सांगत्ये ऐका’. त्यावरूनच १९७७ साली ‘भूमिका’ चित्रपट निघाला, स्मिता पाटीलचा.

एकजण म्हणाली, “घरचं चव्हाट्यावर कशाला मांडायचं बाई?”

वन्सं उसळल्या, “पोरवयापासून तिच्या कमाईवर घर चाललं, तेव्हा नाही कुणाला लाज वाटली!”

मी गप्पच. लग्नाआधी मी गणेशोत्सवात गायचे, बक्षिसंही मिळाली होती. सासरी कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वन्सं भाकरी थापायला उठल्या, तशी मागोमाग गेले आणि सांगून टाकलं.

“अगंबाई! मग म्हणा की एखादं, वहिनी.”

पहिली ओळ म्हटली. दुसरी काही केल्या आठवेना.