उजेडातला पेला

महाराष्ट्रात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही बार म्हटलं की काळ्या काचा आठवतात. दाराला पडदा, वर ‘परमिट रूम’ची पाटी, जिन्याकडे बाण दाखवून लिहिलेलं ‘फॅमिली रूम’, आणि आत समोरच्याचा चेहरा दिसू नये इतका अंधार. १९४९च्या दारूबंदी कायद्याने पिण्यासाठी सरकारी परवाना आवश्यक केला, तो कागदोपत्री आजही लागतो. परवाना असो वा नसो, पिणारा माणूस चोरासारखाच आत शिरतो. आम्हा मुलींना तर त्या बाजूच्या फुटपाथवरूनही जायचं नाही, असा घरचा दंडक होता.

नोकरीसाठी दिल्लीत आले आणि ऑफिसातली मैत्रीण एका संध्याकाळी कॅनॉट प्लेसमधल्या युनायटेड कॉफी हाऊसमध्ये घेऊन गेली. उंच छत, नक्षीच्या भिंती, झुंबरांचा पिवळसर उजेड. एका टेबलावर आजी-आजोबा नातवाला आइसक्रीम भरवत होते. शेजारी कुठल्याशा कचेरीतले दोघे टाय सैल करून बिअर घेत बसले होते. मधल्या बशीत चीज बॉल्स, आणि बोलणं बहुधा बदलीचं. भिंतीकडेला एक पन्नाशीची बाई एकटीच होती. समोर उघडी फाइल, हातात पेन्सिल, आणि फाइलीला ओल लागू नये म्हणून व्हिस्कीचा ग्लास पलीकडे सरकवलेला. वेटरने येऊन बर्फ घातला, तिने मान न उचलता ‘शुक्रिया’ म्हटलं. कुणीही तिच्याकडे वळून पाहत नव्हतं. मी मात्र पाहत राहिले.

हे कॉफी हाऊस १९४२चं. रॉबर्ट टॉर रसेलने आखलेलं कॅनॉट प्लेस १९३३च्या सुमारास बांधून झालं, त्यानंतर काही वर्षांतलं. इथलंच क्वालिटी रेस्टॉरंट त्याच्याही आधीचं, १९४०चं, आणि एम्बसी रेस्टॉरंट १९४८चं. अशा जुन्या जागांत जेवण, कॉफी आणि दारू एकाच छताखाली असते, म्हणून कुणीही कुणाबरोबरही येऊ शकतं. ऑफिस सुटल्यावरची गर्दी इथे वळते त्याला आणखी एक कारण आहे. खाली राजीव चौकला मेट्रोच्या पिवळ्या आणि निळ्या मार्गिका मिळतात. गुरुग्रामला, नोएडाला, द्वारकेला जाणारे सगळे त्या एका स्टेशनाच्या जिन्यांवर चेंगरतात. गर्दी ओसरेपर्यंत तास-दीड तास बसायचं आणि मग मेट्रोनेच घरी जायचं. स्टिअरिंग हातात धरायची वेळच येत नाही, हे फार चांगलं.

पण दिल्लीलाही हा मोकळेपणा फुकट मिळालेला नाही. इथे तेव्हा लागू असलेल्या १९१४च्या पंजाब अबकारी कायद्याचं कलम ३० सांगत होतं, की जिथे लोक बसून दारू पितात तिथे कोणत्याही स्त्रीला नोकरीवर ठेवायचं नाही. डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की स्त्रीच्या सुरक्षेच्या नावाखाली तिची रोजीरोटी काढून घेऊ नका, तिथली सुरक्षा वाढवा. स्वतंत्र देशात एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला साठ वर्षं लागली.

दारूचं गुणगान मला करायचं नाही. आपल्याकडे दारूचं दुकान राहू द्यायचं की बंद करायचं, म्हणजे उभी बाटली की आडवी बाटली, यावर मतदान झालं तेव्हा आडवीपुढे शिक्का मारणाऱ्या बायांच्या मागे मोडलेले संसार होते. त्या रांगेत मी असते तर माझाही शिक्का आडवीवरच पडला असता. पण त्या बायांचे नवरे कुठे पीत होते? गुत्त्यावर, अंधारात, ओळखीचं कुणी नसताना. शेजारी कुणाचा नातू आइसक्रीम खातोय, अशा ठिकाणी माणूस तिसऱ्या ग्लासाआधी थांबतो, हे मी इथे पाहिलं आहे.

सल एवढीच, की हा उजेड महाग आहे. इथल्या एका संध्याकाळचं बिल दारावरच्या सुरक्षारक्षकाला परवडणारं नाही. तो दारूच्या ठेक्यावरून बाटली घेतो आणि कुठल्यातरी भिंतीआड उभ्याउभ्या रिकामी करतो. थोडी ऐपत असलेले उभ्या गाडीत पितात, त्याला दिल्लीत ‘कार-ओ-बार’ म्हणतात. दोन्ही कायद्याने गुन्हा. बसून, खात, चारचौघांत पिण्याची सोय खिशावर ठरावी, हे मला मान्य नाही.

म्हणून मुंबई-पुण्यातल्या, सोलापूर-नागपुरातल्या परमिट रूमच्या मालकांना मनापासून विनंती आहे. बाहेरून दिसू नये असं वाटत असेल तर काचा काळ्या राहू द्या. आतले दिवे तेवढे नीट लावा, आणि ‘फॅमिली’ची वेगळी पाटी काढून आम्हाला खालीच बसू द्या.